लक्ष विभागाचे कामकाज

माणसाचं लक्ष त्याच्या कपाळामागे असतं, हे आता शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. (समोर काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध क्वचितच येतो.) कपाळामागच्या मेंदूतल्या काही पेशी 'इकडे बघ' असा हुकूम सोडतात आणि डोळे, कान वगैरे कनिष्ठ कर्मचारी तो आपापल्या सोयीनं पाळतात.

या हुकमांची दखल घेण्यासाठी आमच्या जर्मनीतल्या आल्टनबाखच्या संस्थेत स्वतंत्र लक्ष विभाग आहे. विभागात अकरा संशोधक, कॉफीची तीन यंत्रं आणि एक माकड. माकडाचं नाव कास्पर. पडद्यावरचा ठिपका फिका झाला की त्यानं दांडी ओढायची. बरोबर ओढली की सफरचंदाच्या रसाचा एक घोट. शंभरातल्या एक्याण्णव वेळा तो बरोबर असतो. (संशोधकांचीही अशीच मोजणी करण्याचा प्रस्ताव कर्मचारी समितीनं एकमतानं फेटाळला.)

विब्के टॉमसेन ही आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिचा करार डिसेंबरात संपणार होता आणि प्रबंधासाठी एक तरी धड पेशी हवी होती. सप्टेंबरात ती सापडली. कास्परच्या मेंदूत केसाहून बारीक तार सोडलेली असते. त्यानं ठिपक्याकडे मन लावलं की स्पीकरवर त्या पेशीची लाह्या फुटल्यासारखी तडतड व्हायची, मन उडालं की ती थांबायची. पण तार जराशी सरकली तरी पेशी कायमची हातची जाते. म्हणून आवाज बारीक होताच तारेचा स्क्रू हलक्या हातानं फिरवायचा, आणि त्यासाठी एक कान सतत स्पीकरकडे ठेवायचा.

आमच्याकडे ज्याचं भलं होतं त्यानंच केक आणायचा असतो. विब्केनं आलुबुखाराचा आणला. सगळा विभाग तिच्या खोलीत, तडतडत्या स्पीकरभोवती दाटीवाटीनं जमला; पलीकडच्या खोलीत कास्परचं काम चालूच होतं. विभागप्रमुख प्रोफेसर ओल्टमान्स यांनी हातात बशी धरून एकाग्रतेवर बोलायला सुरुवात केली आणि ते मधेच थांबले.

"विब्के, तो आवाज जरा बंद कर गं. लक्ष लागत नाहीये."

तिनं बंद केला. भाषण उत्तम झालं आणि चर्चाही रंगली. विब्के सारखी स्पीकरकडे बघत होती म्हणतात. मी केकच्या शेवटच्या तुकड्यावर नजर ठेवून होतो. आवाज पुन्हा सुरू केला तेव्हा नुसती खरखर उरली होती. पलीकडे कास्पर मन लावून दांडी ओढत होता.

"गेली, सर," विब्के म्हणाली.

"कोण गेली?" सरांनी विचारलं.

मला पोरीचं फार वाईट वाटलं. विभागानं रीतसर चौकशी केली आणि दोष केकवर ठेवला.

डिसेंबरपर्यंत तिला माकडाऐवजी माणसं घेण्याची परवानगी मिळाली आहे. प्रयोग अगदी सोपा आहे. एक पानभर मजकूर, मधे फोन न बघता आणि दुसरा विचार मनात न आणता वाचायचा. एवढं एका जरी माणसाला जमलं तरी तिचा प्रबंध पुरा होतो. मजकूर मी लिहून दिला. तो आपण आत्ताच वाचलात. मधे आपलं मन कुठे जाऊन आलं हे विब्के विचारणार नाही, ती सभ्य मुलगी आहे. आपल्या वाटणीचा रस कास्परला दिला आहे.