डिस्को सुहासने ताल सोडला

आमच्याकडे बांगडे तव्यावर पडले की कुंपणावरून आधी एक काठी यायची, काठीच्या टोकाला बांधलेला माईक यायचा आणि मग शेजारच्या सुहासचा आवाज, "वयनी, परतू नको हां. अजून जरा चुरचुरू दी." बांगडे करपायचे. बायको वैतागली की तो शांतपणे म्हणायचा, "घाई कित्याक?"

हा प्रश्न सुहासने विचारावा, याचंच आम्हाला नवल. शिरोड्यापासून मालवणपर्यंत त्याची ओळख 'डिस्को सुहास'. तरुणपणी तो गोव्यातल्या हॉटेलांत कीबोर्ड वाजवायचा. तारकर्लीला परतला तो दोन थोरले स्पीकर घेऊनच. त्याचा बीट सुरू झाला की हळदीला आलेल्या म्हाताऱ्याही पदर खोचून उठायच्या. नाचाच्या धून तो स्वतः बनवायचा आणि त्यांच्या कॅसेटी रिक्षांतून वाजायच्या.

मग दोन हजार चारच्या सुमारास त्याने ताल सोडला. एकच सूर धरून बसायचा. त्याखाली माईकवर टिपलेले आवाज: खाडीचं पाणी, माडाच्या झावळ्या आणि आमचे बांगडे. कुणी म्हणालं, गोव्याची हवा बाधली. कुणी म्हणालं, कुठल्याशा पोरीने नकार दिला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीला त्याने आपणहून कीबोर्ड आणला. पोरांनी हात वर केले, बीट येईना म्हणून खाली घेतले. शेवटी आमचे मामा म्हणाले, "सुहास, ह्या गाना सुरू कधी होतला?"

"सुरू होवन बराच वेळ झालो, मामा."

थोड्या वेळाने मामा खुर्चीतच घोरू लागले. मी सुहासजवळ गेलो. "लोकांका नाचूचा आसा रे. एक तरी जुना वाजव."

"माका येता. पण वाजवूचंय नाय."

"कित्याक पण?"

त्याने मामांकडे पाहिलं. "बरी झोप लागली त्यांका," तो म्हणाला, एखादं बक्षीस मिळाल्यासारखा.

आम्ही टेप लावून नाचलो. त्यानंतर त्याला लग्नांची बोलावणी आली नाहीत. त्याने स्पीकर विकले, सकाळी पर्यटकांना होडीतून फिरवू लागला आणि दुपारी दार ओढून पुन्हा तेच. मी बरेच दिवस त्याच्याशी बोललो नाही.

बहिणीला मुलगा झाला तेव्हा पेढे घेऊन मी त्याच्याकडे गेलो. दारातच त्याच्या आईने, म्हणजे आमच्या काकीने, ओठांवर बोट ठेवलं. त्याचे वडील आबा, जन्मभर मासेमारी केलेले. पाय मोडला आणि घरी बसले.

"दर्यो सुटल्यापासून ह्यांका झोप नाय," काकी कुजबुजली. "घर होडयेसारख्या हालणा नाय म्हणतत."

आत आबा खाटेवर तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. उशाशी सुहास, मांडीवर कीबोर्ड. सूर हळूच वर चढायचा, जरा थांबायचा, उतरायचा. लाटांसारखाच, पुढचा चढउतार आधीच्यासारखा नसायचा.

बाजूला त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. मी वाकून हळूच म्हटलं, "टेप लावन ठेव मेल्या, आणि जेव."

"लावन बघितलंय. एकसारख्या हालता. आबांका कळता, जागे होतत."

काकी त्याच्याजवळ येऊन बसली. तिने ताट उघडलं, भातात माशांचं तिखलं कालवलं आणि घास त्याच्यापुढे धरला. सुहासने वर न बघताच तोंड उघडलं. त्याची नजर आबांच्या छातीवर होती.