एकोणचाळिसाव्या दिवशी सासू बोलली

चोर पकडायला मला फार वेळ लागत नाही. आमच्या अख्ख्या शुब्रा मोहल्ल्यात कुणालाही विचारा. त्यामुळे हज्जा नबविया पुन्हा बोलू लागली तेव्हा मी ठरवलं, संध्याकाळच्या आत हिला पकडायचंच.

हज्जा नबविया म्हणजे रमजानातल्या एका मालिकेतली खाष्ट सासू. मालिका संपली, पण आम्ही चाहते फेसबुकवरच्या एका गटात एकेक पात्र होऊन तिचं घर चालवत राहिलो. सासू माझी आई, सून मी. एकाच सोफ्यावर बसून आम्ही हजारो लोकांदेखत भांडायचो. बाबा समोर पेपर वाचत आणि आम्हाला वेड्या म्हणत. गटाचा नियम एकच: चाळीस दिवस गप्प राहिलेलं पात्र मेलं.

आई गेली. एकोणचाळिसाव्या दिवशी हज्जानं लिहिलं, "सूनबाई, जिना कोण झाडणार?"

मी आईचं कपाट उघडलं. फोन जागेवर नव्हता. मयताला आलेली प्रत्येक बाई मला संशयित वाटू लागली. गट चालवणाऱ्या वगदीसाहेबांना मी फोन लावला.

"आईचं खातं चोरलंय. तिला हाकला."

"नुसत्या संशयावर सासू हाकलता आली असती, तर माझी केव्हाच गेली असती," ते म्हणाले. "पुरावा आणा. आजच दफन करू."

मी सापळा लावला. मुलूखियाच्या भाजीवर लसणाची फोडणी घालायची वेळ आली, की आमच्या बायका दचकल्यासारखा मोठ्यानं श्वास ओढतात. नाहीतर चव येत नाही म्हणे. आईचा श्वास तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचा. सून होऊन मी विचारलं, "सासूबाई, दचकायचं कधी? फोडणी ओतण्याआधी, की नंतर?" खरी नबविया झोपेतही सांगेल.

मी उत्तराची वाट बघत बसले. मग बाल्कनीतून बाबांचा आवाज आला.

"नजला, मुलूखिया करताना तुझी आई केव्हा दचकायची गं?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"असंच. पेपरात आलंय."

मी बाल्कनीत डोकावले. पेपर परवाचा होता. त्याच्याआड आईचा फोन, आणि बाबांच्या नाकावर आईचा चष्मा.

"ओततानाच, बाबा. त्याच क्षणी," मी म्हणाले. मग स्वयंपाकघरात जाऊन वगदीसाहेबांना कळवलं, माझी चूक झाली, सासू खरीच आहे.

तेवढ्यात हज्जाचं उत्तर आलं. "ओततानाच, त्याच क्षणी. एवढंही आईनं शिकवलं नाही वाटतं?"

चारशे लोक हसले. पहिले वगदीसाहेब.

"चुकलं, सासूबाई," मी लिहिलं, आणि झाडू घेऊन खरोखरच जिना झाडायला गेले.