चुकांनी दौलत राखिली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाचणारे सुज्ञ आणि ऐकणारे त्याहून सुज्ञ, उभयतांचे चरणीं नाव न सांगणाऱ्या लेखकाचा दंडवत. हुजुरांतून पुसणे जाहले कीं, थोरल्या बाईसाहेबांचे दौलतीवर गनीम चालोन आला तो कैसा आला, कोणे दारे शिरला, आणि दौलत कोणे राखिली, ते साद्यंत लिहोन पाठवावे. त्यावरोन जैसे कानीं आले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले असेल तर चवीपुरते. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, भृगुवार, ते दिवशीं भर दुपारीं हे युद्ध जाहले.

राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य थोर नव्हे. दोन खोल्या, एक सज्जा, सज्जांत तुळस आणि कोरफड, आणि वरचे मजल्यावरील बिऱ्हाड पाणी सांडी त्याशीं कायमचे वैर, इतुकाच विस्तार. परंतु गादीवर मंदाकिनीबाई खटावकर होत्या, त्यांस अवघा मुलूख थोरल्या बाईसाहेब म्हणे. यांनी तीस वर्षे शाळेवर मुख्याध्यापिका म्हणोन राज्य केले आणि चूक म्हणोन कोणाची राहूं दिली नाही. निवृत्त जाहल्या तरी तलवार म्यान केली नाही, भाजीवाल्याचे पाटीवरील वेलांटी पुसोन पुन्हा काढवीत, लग्नपत्रिका आली तर अक्षता टाकण्याआधीं तांबड्या शाईने दुरुस्त करीत, आणि दूरचित्रवाणीवरील बातम्या देणाऱ्या मुलीस घरांत बसोन दटावीत. त्यांचे पदरीं धाकट्या भगिनी शरयूबाई राहात असत. यांचा स्वभाव गोड, परंतु हातून चुका फार. चहांत साखरेऐवजी मीठ जाई, एका पायांत एक चप्पल आणि दुसऱ्या पायांत भलतीच, आणि थोरल्या म्हणत कीं शरू, लक्ष कुठं असतं तुझं. पुढे डोळ्यांचे वैद्यांनी पाहिले तो दोन्हीं डोळ्यांत मोतीबिंदू पुरता पिकलेला. लक्ष जागेवरच होते, दृष्टि गेली होती. मग थोरल्यांस आंतून फार लागले, बोलोन दाखविले नाही, आणि आज्ञा केली कीं उत्तम भिंगे बसवावीं, निवृत्तीची अवघी पुंजी पेढींत आहे ती कशास ठेविली. पौषांतली तारीख ठरली, आणि धाकट्या बाईसाहेब त्या तारखेकडे डोळे लावोन बसल्या, डोळे जैसे होते तैसे.

आतां पेढीचे वर्तमान. पूर्वीं पेढी म्हणजे दगडी पायऱ्या, जाळीमागे चष्मेवाला मनुष्य, आणि तो ओळखीचा. पुढे पेढी मोबाईलांत शिरली. तेथे मनुष्य नाही, अवघे पहारेच पहारे. आधीं गुप्तशब्द सांगावा, त्यांत एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे, मग सहा आकड्यांचा ओटीपी म्हणोन क्षणभराचा परवाना मोबाईलावर येतो, तो घालावा, तेव्हां दार किलकिले होते. आणि पेढी दर दोन दिवसांनी बजावी कीं ओटीपी कोणासही सांगो नये. थोरल्या बाईसाहेबांस हा नियम फार आवडला. नियम म्हटला कीं त्यांस आवडतच असे.

ऐसे असतां पंचमीस जेवणे आटोपलीं आणि थोरल्या बाईसाहेब शब्दकोडे घेवोन बसल्या आणि मोबाईल वाजला. पलीकडोन अत्यंत अदबीचा आवाज आला, "बाई, ओळखलंत का? मी सुहास. मागच्या बाकावरचा." जन्म शिकविण्यांत गेलेल्या मनुष्यास हा प्रश्न म्हणजे वर्मीं घाव. ओळखले नाही म्हणावे तर मान जातो, म्हणोन बाईसाहेब बोलिल्या कीं ओळखले तर, तुझे अक्षर फार वाईट होते. गनीम बोलिला कीं तें अजून तैसेच आहे. मग आपण पेढींत चाकरीस असल्याचे सांगितले, आणि बाईंचे कागद जुने जाहले, सायंकाळीं खाते बंद पडणार, परंतु गुरूची सेवा म्हणोन आपण बसल्या जागीं काम उरकून देतो ऐसे मधुर बोलिला. बाईसाहेबांचे चित्त द्रवले. इतुक्यांत मोबाईलावर सहा आकडे उतरले. तेव्हां गनिमाने जी चाल केली ती लिहितां लेखकाचाही हात थबकला, कारण चाल नीच खरी, परंतु माणूस ओळखोन केलेली. तो बोलिला, "बाई, आकडे मला सांगू नका हं. कुणालाच सांगायचे नसतात. माझ्यासमोर आलेत, मीच वाचतो, तुम्ही नुसतं ऐका." आणि पहिलाच आकडा चुकीचा वाचिला. बाईसाहेब तात्काळ बोलिल्या कीं चूक, तीन नव्हे आठ. गनिमाने क्षमा मागितली आणि पुढला चुकीचा वाचिला. बाईसाहेबांनी तोही सुधारिला. ऐसा एकेक आकडा तो पाडीत गेला आणि एकेक आकडा त्या उभा करीत गेल्या, आणि अखेरीस सहाही आकडे त्याचे पदरीं घालोन वर म्हणाल्या, "वाचताना बोट ठेवावं ओळीवर. शाळेत सांगून सांगून दमले मी." गनीम म्हणाला कीं आतां ठेवीन, आणि फोन ठेविला.

दोन घोट पाणी प्यावे इतुक्यांत मोबाईलावर पेढीचा निरोप आला कीं आपले खात्यांत नवीन नाव जोडिले आहे, अर्ध्या तासाने त्या नावास रक्कम धाडितां येईल. बाईसाहेबांनी तो मोठ्याने वाचिला आणि वाचतां वाचतां रंग उडाला. धाकट्यांनी विचारिले कीं ताई, ओटीपी दिलास काय. थोरल्या बोलिल्या कीं दिला नाही, दुरुस्त केला. बोलिल्या आणि आपले बोलणे आपणच ऐकिले आणि मटकन खालीं बसल्या. अर्ध्या तासाने शरूचे डोळे जाणार, आणि ते आपल्या जिव्हेने दिले, हा विचार मनांत आला. मग उठल्या आणि युद्धास आरंभ केला. प्रथम शाखेंत फोन लाविला, तो नुसताच वाजत राहिला, कारण भोजनाचा समय होता. मग धाकट्यांचे बटणांचे जुने मोबाईलावरोन पेढीचे मोठ्या चौकीस फोन लाविला. चौकींत प्रथम सनई, मग मराठीसाठी दोन दाबा, मग पुन्हा सनई, मग आपला वेळ आम्हांस मोलाचा आहे ऐसे तीन वेळां सांगोन तोच वेळ खाल्ला. अखेरीस एक पहारेकरी आला. त्याने नाव पुसिले, जन्मतिथि पुसिली, मातोश्रींचे माहेरचे आडनाव पुसिले, बाईसाहेबांनी अवघे फडाफडा सांगितले, आणि मग तो म्हणाला कीं आपण आपणच आहां याची खात्री पाहिजे, आतां आपल्या मोबाईलावर ओटीपी येईल तो मला सांगा.

येथे जे घडले ते ऐकोन मुलूख हासतो, परंतु ते समयीं कोणी हासले नाही. थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या कीं नाही सांगणार. पहारेकरी म्हणाला कीं सांगितल्यावांचून खाते बंद करितां येत नाही. बाईसाहेब म्हणाल्या कीं ओटीपी कोणासही सांगो नये हा तुमचाच नियम, आणि एकदां फसले ती पुन्हा फसणार नाही. धाकट्या पदर ओढीत होत्या कीं अगं ताई, हा खरा आहे, सांग. परंतु गनिमास राजीखुशीने दिलेला परवाना बाईसाहेबांनी खऱ्या पहारेकऱ्यास दिला नाही, आणि वादावादींत धाकट्यांचे मोबाईलांतील शिल्लक संपली आणि फोन तुटला. अर्ध्या तासांतला बहुतेक भाग खर्ची पडला होता.

मग थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या कीं मीच आंत शिरतें आणि ते नाव काढून टाकितें. आपला मोबाईल घेतला, गुप्तशब्द एकेक अक्षर तपासोन घातला. पेढीने उत्तर दिले कीं चूक, आतां दोन संधी बाकी. बाईसाहेब थक्क जाहल्या. जन्मांत कोणी त्यांस चूक म्हटले नव्हते, आणि येथे शब्द तर बिनचूक होता. गोष्ट अशी कीं गनिमाने तो परवाना मिळतांच जुना गुप्तशब्द फिरवोन आपला बसविला होता, हें त्यांस ठाऊक नव्हते. आणि पेढीचा दुसरा एक नियम असा कीं आंत शिरलेला मनुष्य कांहीं न करितां स्वस्थ बसला तर दार त्यास आपण होऊन बाहेर काढी. तेव्हां गनीमही बाहेरच बसला होता, मुदत भरतांच आपले शब्दाने पुन्हा शिरावे म्हणोन. दार एक, आणि दोन्हीं बाजूंचे बाहेर. थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या कीं आतां फार जपोन घातले पाहिजे, दोनच संधी उरल्या. तेव्हां धाकट्या बाईसाहेब, ज्यांस त्या घरांत मसलतींत कोणी कधीं घेतले नव्हते, हळूच बोलिल्या, "ताई, अजून दोनदा चुकलं की काय होतं?"

"खातं बंद पडतं."

"कुणाला?"

"कुणालाच उघडत नाही, शरू. मलाही नाही, कुणालाच नाही."

"मग त्या मेल्यालाही नाही."

थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "मुद्दाम चुकायचं?"

"तुला नाही जमायचं. आण इकडे."

ऐसे म्हणोन धाकट्या बाईसाहेबांनी मोबाईल ओढोन घेतला, तोंडाजवळ धरिला, पडद्यावर त्यांस धुके दिसत होते, त्या धुक्यांत बोटांनी वाटेल तैसा मारा केला. पेढी म्हणाली कीं चूक, एक संधी बाकी. धाकट्यांनी पुन्हा बोटे उगारिलीं, आणि थोरल्यांच्या तोंडून, नको नको म्हणतां, निघोनच गेले कीं शरू, पहिलं अक्षर मोठं हवं. तेव्हां धाकट्या बाईसाहेब, जन्मांत प्रथमच, म्हणाल्या, "ताई, गप्प बस." आणि थोरल्या गप्प बसल्या. शेवटला मारा जाहला. पडद्यावर तांबडी अक्षरे आलीं कीं तीन वेळां चूक जाहल्याकारणे आपले खाते गोठविले आहे, शाखेंत जातीने यावे. थोरल्यांनी तें वाचोन दाखविले, आणि दोघी पलंगावर बसोन एकमेकींचे दंड धरोन हासूं लागल्या, आणि हासतां हासतां थोरल्यांस रडूं आले.

इतुक्यांत मोबाईल पुन्हा वाजला. तोच गनीम, परंतु अदब उतरलेली. म्हणाला, "म्हातारे, खातं का बंद केलंस?" थोरल्या बाईसाहेबांनी पदराने डोळे पुसिले, गळा साफ केला आणि शाळेंतला आवाज काढिला, "सुहास, उभा राहा." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेखकाचे मत, तो खरोखर उभा राहिला असावा. मग फोन तुटला तो तुटलाच.

तैशाच दोघी रिक्षा करोन शाखेंत गेल्या. तेथील किल्लेदार दिलीपराव मुळीक म्हणोन होते, मनुष्य भला, परंतु दमलेला. त्यांनी हकीकत ऐकिली, दुरुस्त केला हा शब्द येतांच क्षणभर डोळे मिटिले, आणि शांतपणे बोलिले कीं बाई, चुकीचा आकडा सुधारला म्हणजे बरोबर आकडा सांगितलाच कीं. बाईसाहेब म्हणाल्या कीं होय, चूक माझी. मग किल्लेदार खुर्चींत पुढे झुकोन म्हणाले, "पण खातं गोठवायचं सुचलं, हे मात्र मानलं बाई. आमच्या लोकांनासुद्धा सुचत नाही ऐनवेळी."

श्रेय आयते समोर आले होते, नुसती मान हलविली असतां पदरांत पडते. थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "मला नाही सुचलं, हिला सुचलं. चुकाही हिनेच केल्या. मला त्या जमल्या नसत्या." धाकट्या बाईसाहेब किल्लेदार समजोन शेजारचे कपाटाकडे पाहात होत्या, त्या ऐकोन लाजल्या.

गनीम हटला, परंतु पेढी जिंकणे बाकी होते. किल्लेदार म्हणाले कीं चौकशी होवोन खाते उघडावयास दिवस लागतील, हुकूम वरोन येतो. थोरल्यांनी पौषांतली तारीख सांगितली. किल्लेदारांनी हळहळ दाखविली आणि दिवस लागतील ते लागतीलच म्हणाले. मग बाईसाहेब रोज पेढी उघडतांच जात आणि किल्लेदारांचे दालनासमोर बांकावर बसत. बसल्या बसल्या करणार काय, तर भिंतीवरील सूचना वाचूं लागल्या, आणि वाचूं लागल्या तो पिशवींतून तांबडी लेखणी निघाली. प्रथम ठेवींच्या सूचना तपासिल्या, मग कर्जाच्या, मग ग्राहक आमचे दैवत या मोठ्या फलकाकडे वळल्या आणि शिपायास म्हणाल्या कीं स्टूल आण. हें किल्लेदारांनी कांचेतून पाहिले, फोन उचलिला, वर कोणाशीं काय बोलिले तें देव जाणे, आणि ते सायंकाळीं खाते उघडले.

पौषांत धाकट्या बाईसाहेबांचे डोळे जाहले. पट्टी सोडिली तेव्हां थोरल्या समोरच उभ्या होत्या. धाकट्यांनी खिडकी पाहिली, खिडकींतले ऊन पाहिले, आणि मग भगिनीचे मुखाकडे पाहिले आणि पाहातच राहिल्या. म्हणाल्या, "ताई, किती म्हातारी झालीस गं तू."

"हो," थोरल्या म्हणाल्या. "तुला दिसत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही."

आणि धाकट्यांनी हात पुढे केला आणि थोरल्यांनी तो धरिला आणि बराच वेळ सोडिला नाही.

ऐसे हे वर्तमान. गनीम पळाला, पेढीने दार उघडिले, दौलत डोळ्यांचे कामीं आली. आतां त्या राज्यांत मसलतीस दोघी बसतात आणि अनोळखी फोन धाकट्या बाईसाहेब घेतात. लिहितां लेखणी कोठे घसरली असेल तर वाचणारांनी मनांत सांभाळोन घ्यावे, कागद मात्र थोरल्या बाईसाहेबांस दाखवूं नये. लेखनसीमा.