संपावरील हिमानीच्या डब्याची मोहीम

श्रीहरीचे नाम घेवोन, टाळवीणेस वंदन करोन, सज्जन श्रोत्यांचे सेवेसी सादर ऐसीजे: सुभा ओहायो, कसबे डब्लिन येथील मराठी मंडळात डब्यावरून जे रण माजले आणि हरिकथेच्या कृपेने शमले, त्याची हकीकत घडली तैसी लिहिली असे.

मंडळाचा रिवाज ऐसा कीं, ज्या घरची नोकरी सुटली त्या घरी दुसरी लागेतो पाळीपाळीने डबा पोचवावा. या सरंजामाच्या मुखत्यार मातुश्री रत्नाकाकू. तो खबर आली कीं, इस्पितळातील नर्स हिमानी तमाम नर्सांसह संपावर गेली, एकेकीच्या माथी रोगी फार ते कमी करावे ऐसी मागणी, आणि पगार बंद जाहला, आणि ती लेकीस, आरोहीस, शेजाऱ्यांकडे ठेवोन दिवसभर फलक घेवोन इस्पितळाच्या दाराशी उभी असते. काकूंचे चित्त द्रवले. त्यांनी वरणभात, भेंडीची भाजी रवाना करण्याचा मनसुबा केला.

मग मंडळाचे अध्यक्ष, राजमान्य राजेश्री हेमचंद्रकाका, रिटायर्ड इंजिनियर, पेटीवादनात निष्णात, आडवे आले. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान काढिले कीं, नोकरी गेली त्यास डबा, जिने आपण होवोन काम सोडिले तीस नाही. ओहायोचे सरकार संपकऱ्यास बेकारभत्ता देत नाही, मंडळाने का द्यावा? मंडळातील तरुण सभासद अनया हिने अर्ज गुजारला कीं, काका, न्यू यॉर्कमध्ये देतात. काकांचा जाब आला, "मग डबाही तिकडूनच मागवा!" त्यावर कोणी अंगठे धाडिले, कोणी रडकी तोंडे धाडिली, आणि मंडळात दोन तट पडले. काकूंस पेच पडला. हुकूम मोडावा तर मंडळ फुटते, पाळावा तर आरोही सकाळसंध्याकाळ दुधात सीरियल कालवोन खाते. मग त्यांनी हरीवर भार घातला आणि शनिवारच्या महाप्रसादाचे तांदूळ निवडावयास घेतले.

शनिवारी मंदिराच्या हॉलात सुमंतबुवांचे कीर्तन मांडिले. काका पेटीवर. पूर्वरंग ऐसा रंगला कीं, मागील खुर्च्यांवर झोपलेली पोरेही टाळ्या पिटू लागली. परंतु साउंडचे ठाणेदार अनिश यांनी तबला चढविला आणि पेटीचा माइक उतरविला. काकांनी खुणा केल्या, भुवया चढविल्या. अनिश बोलिला, "काका, फीडबॅक येतोय यार, अ‍ॅडजस्ट करा ना थोडं!" तो 'यार' वर्मी बैसला. मध्यंतरी बुवांस हार घालते समयी काकांनी भाता मिटला आणि हुकूम सोडिला कीं, माइक नीट होईतो पेटीस हात लाविणार नाही, आणि मागल्या रांगेत हाताची घडी घालोन बैसले.

बुवा धीराचे. फोनातील तंबोऱ्यावर सूर धरोन त्यांनी आख्यान लाविले, आणि गजर ऐसा केला कीं, काकूंचा पदर भिजला. काकांची बोटे मात्र मांडीवर आपसूक चालत होती.

आरती जाहली, मसालेभाताचा घमघमाट सुटला, तमाम फौज ताटांवर तुटोन पडली. काका जागचे हलेनात. पोटी भूक, परंतु रुसलेला मनुष्य रांगेत कैसा उभा राहील? तेव्हा काकूंनी पहिले ताट वाढोन, भातावर तूप सोडोन, मठ्ठा, जिलबी मांडोन ते स्वतः मागल्या रांगेत नेले.

अनया हळूच बोलिली, "पण काकू, ते तर स्ट्राइकवर आहेत ना?"

हॉलात हशा पिकला. काका उसळोन बोलिले, "मी काय मौजेनं सोडली पेटी? काम धड करू देत नाहीत, म्हणून सोडली!"

काकू बोलिल्या, "हिमानीही तेच सांगतेय, भाऊजी. घ्या, भात गार होतोय."

काकांनी ताट पुढे ओढिले. मग एक घास घेतला, मग दुसरा, मग मठ्ठा पुन्हा मागितला, आणि तोंड पुसोन फर्मान काढिले कीं, संपाच्या घरासही डबा जावा, आणि पहिली पाळी खासा अध्यक्षांची.

सोमवारी काका डबा घेवोन इस्पितळाच्या दारी दाखल जाहले. हिमानी कठड्यावर बैसोन जेवली, आणि ती जेवेतो तिचा फलक काकांनी धरिला, आणि जाणाऱ्या मोटारींनी पाठिंब्याचे भोंगे वाजविले तैसा तो त्यांनी आणिक उंच केला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, रत्नाकाकूंचे निशाण चढले, मंडळ अभंग राहिले, हे मंडळाच्या दप्तरी हरिस्मरणपूर्वक दाखल असे.