अण्णांचा भिंतीवरचा फोटो

देवदत्त लिमयेने सहा वर्षांत खंड्या पक्ष्याचे अकराशे फोटो काढले होते आणि वडिलांचा एकही नाही. ही गोष्ट अण्णांनी एका शनिवारी सकाळच्या चहाबरोबर सहज बोलावी तशी बोलून दाखवली.

"मी ब्याऐंशीचा झालो. भिंतीवर लावायला एक फोटो काढून ठेव."

"अण्णा, सकाळी सकाळी काय हे बोलणं!" देवदत्तची बायको सुमेधा म्हणाली.

"मग काय दुपारी बोलू? त्या दादाचा फोटो बघ. ऐन वेळी मिळेना म्हणून लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून काढला. बारा वर्षं झाली, गालात लाडू आणि खांद्यावर कोणाचं तरी कोपर घेऊन लटकतोय. ते कोपर कोणाचं, हे अजून कोणाला सांगता येत नाही."

दादा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. त्यांचा फोटो माजघरात होता आणि अण्णांनी सांगितले त्यात तिळाइतकेही खोटे नव्हते. कोपराच्या वर सोन्याची वाकीही होती.

देवदत्त लगेच तयार झाला. तो सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, पण स्वतःला मनातून छायाचित्रकार समजत असे. हे समजणे त्याच्या घरात इतर कोणाला मान्य नव्हते. त्याने दाखवलेला प्रत्येक फोटो अण्णा चष्मा वर करून बघत आणि म्हणत, "पाठीमागचं सगळं धूसर का रे? कॅमेऱ्याला नंबर लागलाय का?" गेल्या सहा वर्षांत त्यांनी एकाही फोटोला 'बरा आहे' म्हटलेले नव्हते. बावन्न वर्षांच्या माणसाने बापाच्या 'बरा आहे'साठी झुरावे हे काही खरे नाही, पण देवदत्त झुरत होता.

दुपारी चारच्या उजेडात तयारी झाली. पडवीतल्या दोरीवर सुमेधाची संक्रांतीची काळी साडी पडद्यासारखी लावली. तिच्यापुढे खुर्ची आणि खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातले अण्णा. देवदत्त मात्र दिसेना. त्याच्याकडे पक्ष्यांची लांब लेन्स होती आणि माणसाचा फोटो काढायची सवय नव्हती, त्यामुळे तो अंगणापलीकडच्या आंब्याच्या कलमाआड उकिडवा बसला होता.

"तिकडे काय करतोयस?" अण्णा ओरडले.

"शू! हलू नका."

"अरे, मी काय उडून जाणारे? समोर ये."

"समोरून तुम्ही फ्रेममध्ये मावत नाही, अण्णा. थोडं हसा बघू."

"मेल्यावर भिंतीवरून हसणारा माणूस बरा दिसतो का? लोक म्हणतील, सुटला एकदाचा."

"निदान डोळ्यांत चमक आणा."

"चमक असती तर भिंतीवरचा फोटो कशाला काढायला लावला असता?"

चाळीस फोटो निघाले. त्यातला तेविसावा चांगला होता. अण्णा सरळ समोर बघत होते, तोंड मिटलेले, चेहरा शांत, आणि संक्रांतीच्या साडीचा अथांग काळोख झालेला. देवदत्तने तो संगणकावर मोठा करून अण्णांना दाखवला आणि श्वास रोखून उभा राहिला.

अण्णांनी बराच वेळ बघितले. "मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "हा लागेल तेव्हा मी असणार नाही. ज्यांनी बघायचाय त्यांना विचार."

म्हणून रविवारी सकाळी साडेसातला देवदत्तने तो फोटो 'उजेड मंडळा'ला पाठवला. उजेड मंडळ म्हणजे मंडणगडापासून राजापुरापर्यंतच्या चौसष्ट हौशी छायाचित्रकारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. अ‍ॅडमिन करीम मुकादम. करीमभाईंनी बावीस वर्षे मस्कतला जहाजांच्या सुट्या भागांचे कोठार सांभाळले होते आणि निवृत्तीनंतर तीच शिस्त ग्रुपला लावली होती. फोटो टाकायचा, खाली लेन्स, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ लिहायचा, बस्स. नाव नाही, गाव नाही, कविता तर नाहीच. मंडणगडच्या नितेशने एकदा सूर्यास्ताखाली आठ ओळी लिहिल्या, तेव्हा त्याला पंधरा दिवस ग्रुपबाहेर उभे केले होते.

देवदत्तने नियमाप्रमाणे लिहिले, "२०० मिमी, एफ ५.६, १/२५०, आयएसओ ४००." मग निकालाच्या धास्तीने फोनचा आवाज बंद केला, फोन कपाटाच्या खणात टाकला आणि मागे नारळींना पाणी लावायला निघून गेला.

काळी पार्श्वभूमी, पांढरा सदरा, म्हातारा शांत चेहरा आणि सोबत एकही शब्द नाही. असा फोटो सकाळी सकाळी फोनवर आला की मराठी माणूस दुसरा विचार करत नाही. सात एकेचाळीसला पालीच्या दीपकने लिहिले, "अरेरे! भावपूर्ण श्रद्धांजली." मग रांगच लागली. पण सगळे पडले छायाचित्रकार, त्यामुळे नुसत्या दुःखावर कोणाचे भागेना.

"ओम शांती. डोळ्यांवरचा फोकस अचूक."

"फार वाईट बातमी. देवदत्त, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. एफ ८ ठेवलं असतंस तर दोन्ही कान शार्प आले असते."

"आजोबांना आदरांजली," दापोलीला शेतकी कॉलेजात शिकणाऱ्या आर्याने लिहिले. "बॅकग्राउंडला कोणतं कापड?"

त्यावर कानांवरून दोन तट पडले. एकाचे म्हणणे, अशा प्रसंगी कान धूसरच हवेत. तेवढ्यात कोणीतरी सवयीने गुलाबाच्या फुलासह 'शुभ सकाळ' टाकले आणि करीमभाईंचा संयम सुटला. "घरात मयत आणि तुम्ही कान मोजताय?" त्यांनी लिहिले. "शोक म्हणून संध्याकाळपर्यंत ग्रुप बंद. फक्त अ‍ॅडमिन लिहितील." ग्रुपला कुलूप लागले.

नऊ वाजता देवदत्त हातपाय धुऊन आला, त्याने देवाचे नाव घेऊन फोन उघडला आणि पहिली ओळ वाचून मटकन खाली बसला. दुसऱ्या क्षणी तो खुलासा लिहायला सरसावला, पण लिहायची जागाच नव्हती. करीमभाई फोन उचलेनात, कारण ते स्कूटरवर होते. दीपकचा फोन चौथ्यांदा लागला.

"दीपक, अरे ऐक, अण्णा..."

"कळलं रे, सगळं कळलं. तू बोलू नकोस. रडून घे."

"अरे पण अण्णा आत..."

"आतच ठेवलंयत ना? बरं केलंस. ऊन फार आहे. आम्ही पाच जण निघालोच."

"आत चहा पितायत!" देवदत्त किंचाळला, पण तोवर फोन कट झाला होता.

मग त्याला एक युक्ती सुचली. सगळ्यांचा गैरसमज एका फोटोने झाला, तर तो दुसऱ्या फोटोने जाईल. त्याने खिडकीशी बशीने चहा पिणाऱ्या अण्णांचा फोटो काढला आणि आपल्या स्टेटसला लावला. पाच मिनिटांत उत्तरे आली.

"शेवटचा चहा का? डोळ्यांत पाणी आलं."

"खिडकीचा उजेड सुरेख वापरलाय. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

आर्याने लिहिले, "आजोबा किती जिवंत वाटतात यात!"

सुमेधाने फोन हातातून ओढून घेतला. फोटोखाली देवदत्तने लिहिले होते, "१/६०, आयएसओ ८००."

"अहो, 'अण्णा बरे आहेत' एवढे तीन शब्द लिहायचे होते ना!"

"नियम आहे गो. बोटांना सवयच लागलीय."

"स्टेटसला कसला मेला नियम!"

फाटकाशी स्कूटर थांबली. करीमभाई आणि त्यांच्या पत्नी सईदा खाली मान घालून पडवीत आले. सईदाभाभींच्या हातात डबा होता. अशा दिवशी घरात चूल पेटत नाही हे त्यांना ठाऊक होते.

"सुमेधाताई, पिठलं-भात आहे. डबा कोराच काढलाय. कांदासुद्धा घातला नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी सुमेधाचा हात हातात घेतला. सुमेधाला काय बोलावे ते सुचेना, आणि तिचे न सुचणे फारच दुःखी दिसले.

"कोण आलंय गो, सुमेधा?" पंचा नेसलेले अण्णा न्हाणीतून बाहेर आले.

करीमभाईंनी अण्णांकडे बघितले. मग फोनमधल्या फोटोकडे बघितले. मग पुन्हा अण्णांकडे.

"हे तर आहेत," ते म्हणाले.

"आहेतच! करीमभाई, आधी तो ग्रुप उघडा."

"पण तू खाली काहीच लिहिलं नाहीस, देवदत्त."

"लिहायचं नाही हा नियम कोणाचा?"

 बावीस वर्षांच्या नोकरीत करीमभाईंवर असा प्रसंग आला नव्हता.

ते कुलूप काढायला लागले तोवर पालीची गाडी दारात उभी राहिली आणि दीपक हार घेऊन उतरला. अण्णांना बघताच त्याने हार पाठीमागे लपवला. स्टेटस बघून शेजारपाजारचे पाच जण डबे घेऊन आले. आणि सर्वांच्या मागून वरच्या वाडीतला गंगाराम आला, खांद्यावर आंबे उतरवायची लांबलचक घळ घेऊन. गंगाराम कुठल्याच ग्रुपवर नव्हता. त्याला बातमी कोणी दिली हे शेवटपर्यंत कळले नाही.

ती घळ अण्णांची होती. तीन वर्षांपूर्वी गंगारामने ती दोन दिवसांसाठी नेली होती, आणि त्यावरून दोघांचे बोलणे बंद होते.

"आवो अण्णा," तो अंगणातच थबकला. "तुमी गेलाव म्हनं."

"मग?"

"म्हनून घळ आनली. मेल्या मान्साची वस्तू घरात ठेवू नये."

"जित्या माणसाची ठेवलेली चालते वाटतं?"

गंगारामने विचार केला. "मग ऱ्हाऊं दे की माज्याकडं अजून थोडे दिस," तो म्हणाला आणि घळ सावरून वळला.

"खाली ठेव ती!" अण्णा असे कडाडले की दीपकच्या हातून हार पडला. गंगारामने घळ भिंतीला टेकवली आणि तो पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागला. "सकाळपास्नं रडू दाबून ठेवलंय," तो म्हणाला. "आता ते ऐकत न्हाय."  अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्याकडे टाकला.

घरात आता सहा डबे झाले होते आणि सहाही डब्यांत पिठलं-भात होता. पडवीत पंगत बसली. मृत माणसाने दोनदा पिठले मागून घेतले. जेवण झाल्यावर अण्णांनी चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"आण तो फोन. काय काय लिहिलंय बघू."

देवदत्तने फोन दिला आणि तो खांबाला टेकून उभा राहिला. आता इतक्या माणसांसमोर बोलणी खावी लागणार, शिवाय यापुढे घरात कॅमेऱ्याचे नाव काढता येणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होते. अण्णा सावकाश वाचत होते. एकोणसाठ श्रद्धांजल्या त्यांनी वाचल्या. कानांची चर्चा दोनदा वाचली. मग स्वतःच्या कानाला हात लावून बघितला.

"इतकी माणसं फसली?" त्यांनी विचारले.

"हो, अण्णा."

"कोणी एकानेही विचारलं नाही, खरंच गेले का म्हणून?"

"नाही."

"आणि हा गंगाराम? तीन वर्षं घळ दाबून बसलेला?"

"त्यांना करीमभाईंनी आत्ता दाखवला तो फोटो. बघून परत रडले."

अण्णांनी फोन लांब धरून फोटोकडे बघितले. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"म्हणजे बरा आहे," ते म्हणाले.

देवदत्तला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा त्याने खांब सोडला. तो काहीतरी शोधायला म्हणून घरात गेला आणि कॅमेरा घेऊन बाहेर आला. अण्णा आणि गंगाराम पायरीवर शेजारी बसले होते, मधे घळ होती, आणि ती मुळात कोणत्या साली नेली यावर वाद चालू होता. देवदत्त कलमाआड गेला नाही. जिथे होता तिथूनच सुमेधाच्या फोनने त्याने फोटो काढला, कारण लांब लेन्समध्ये आता कोणीच मावत नव्हते. फोटोत अण्णा मोठ्याने हसत होते.

"हाच लावूया ना भिंतीवर?" सुमेधाने विचारले.

अण्णांनी बघितला. "नको. भिंतीवर तोच. हा बघून कोण रडेल?"

गडबडीत राहून गेलेले ग्रुपचे कुलूप संध्याकाळी निघाले. सर्वांत वर करीमभाईंचा नवा नियम होता: 'फोटो माणसाचा असल्यास आयएसओनंतर, माणूस आहे की नाही, तेवढे लिहावे. अधिक काही लिहू नये.' देवदत्तने तो नियम दोनदा वाचला आणि पायरीवरचा फोटो टाकून खाली काळजीपूर्वक लिहिले:

"फोनचा कॅमेरा, एफ १.८, १/५००, आयएसओ ५०. दोघेही आहेत."