गोठ्यातलं अठरा होलचं मैदान

चूक करायचीच असेल तर ती माणसाने आपल्या घरात, दार लावून करावी. चारचौघांत करू नये. संसार, राजकारण आणि पाककला या तिन्ही क्षेत्रांत हा नियम सिद्ध झालेला आहे. खेळांना मात्र तो आजवर लागू करता येत नव्हता. कुस्ती घरात एकट्याने खेळता येत नाही (खेळल्यास लोक डॉक्टरांना बोलावतात), आणि क्रिकेट घरात खेळल्यास काचा फुटतात. घरगुती गोल्फयंत्राने ही उणीव दूर केली. या यंत्राचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला पहिला, आणि बहुधा शेवटचा, लाभार्थी आमच्या शेजारीच राहतो, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे.

लाभार्थ्याचं नाव अमरसिंह. पंपाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना, स्वभाव दिलदार, आवाज मोठा. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांनी गोल्फ शिकायला घेतलं, त्याला कारण त्यांची मुलगी संयोगिता. तिचं आणि राजवीरचं जमलं होतं. बाकी दोन्ही घरं राजी होती, पत्रिका कुणी मागितली नव्हती. अडलं होतं ते राजवीरच्या वडिलांपाशी. हे निवृत्त कर्नल विजयसिंह, मूळचे गारगोटीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस कसा आहे हे बैठकीत कळत नाही, सोबत अठरा होल खेळल्यावर कळतं. "तुम्ही गोल्फ खेळता का?" त्यांनी फोनवर विचारलं. यावर "नाही" हे उत्तर उपलब्ध होतं. पण कोल्हापूरचा माणूस "येतं का?" या प्रश्नाला नाही म्हणत नाही, आधी हो म्हणतो, मग शिकतो. "खेळतो की!" अमरसिंह म्हणाले. कर्नलसाहेबांनी पुढच्या महिन्यातला एक रविवार ठरवून टाकला. शेजारी उभ्या असलेल्या संयोगिताने कपाळाला हात लावला.

यंत्राची रचना साधी आहे. समोर जाड पडदा, पडद्यावर परदेशातलं हिरवंगार मैदान, पायाखाली सतरंजीएवढी कृत्रिम हिरवळ आणि चेंडूकडे टक लावून बसलेला एक कॅमेरा. आपण चेंडू मारायचा. तो पडद्यावर आपटून पुन्हा पायाशी येतो आणि त्याचा उरलेला प्रवास यंत्र पडद्यावर पार पाडतं. (चालण्याचे कष्टही यंत्रच घेतं. खेळाडूची चप्पल झिजत नाही.) अट एकच, काठी फिरवायला दहा फूट उंची हवी. त्यानुसार घराची रीतसर पाहणी झाली. दिवाणखाना साडेआठ फूट, स्वयंपाकघर आठ, देवघरात तर देवालाही बसूनच राहावं लागतं. दहा फूट भरले ते फक्त गोठ्यात. सबब म्हैस पार्किंगमध्ये, मोटार रस्त्यावर आणि गोल्फ गोठ्यात, असा आदेश निघाला.

"म्हशीला कुणी इचारलं का?" अमरसिंहांच्या आई अंबूबाई म्हणाल्या.

विचारलं नव्हतं. म्हशीने आपलं मत संध्याकाळी धारेच्या वेळी नोंदवलं.

इथपर्यंत सगळं नियमाला धरून होतं. पण गोठ्याला दार नव्हतं. त्यामुळे पहिल्या दिवशी शेजारचा केरबा डोकावला, जो तरुणपणी कुस्त्या करायचा आणि आता फक्त बघतो. दुसऱ्या दिवशी केरबाच्या तालमीतले सहा जण आले. चौथ्या दिवशी मांडववाल्याकडून खुर्च्या आल्या. (आमची खुर्ची दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी.) पहिल्या आठवड्यात अमरसिंहांना मिळालेल्या सल्ल्यांची वर्गवारी अशी: कोपराविषयी चाळीस टक्के, कंबरेविषयी पस्तीस, खुराकाविषयी वीस, आणि मोटार रस्त्यातून काढण्याविषयी पाच. गोल्फ पूर्वी पाहिलेले सल्लागार: शून्य.

खेळाचे नियम समजावून सांगण्याचं काम यंत्र बसवणाऱ्या वसीमकडे आलं. सगळ्यात कमी फटक्यांत जो संपवतो तो जिंकतो, असं त्याने सांगितलं.

"म्हंजे कमी करनारा जिकतोय?" केरबाने विचारलं.

"व्हय."

"मग जो घरातच बसला, त्याचं शून्य. त्योच जिकला की!"

वसीमने माहितीपुस्तिका उघडली. तिच्यात "घरी बसणे" असं प्रकरण नव्हतं.

लांबचे फटके अमरसिंहांना लवकर जमले. "हाण!" असा एकमुखी सल्ला मिळाला की चेंडू दोनशे यार्ड जायचा. घोडं अडायचं होलजवळ, म्हणजे चेंडू शेवटी ज्यात घालायचा त्या खळग्यापाशी. तिथे चेंडूला हळूच ढकलायचं असतं, आणि हळूच काही करणं हे अमरसिंहांच्या घराण्यात कुणाला माहीत नाही. चेंडू होल ओलांडून दुसऱ्या बाजूला जायचा, तिथून परत या बाजूला. प्रेक्षक जांभया द्यायला लागले. तेव्हा वसीमने यंत्रातली एक सोय दाखवली. चेंडू होलपासून तीन फुटांच्या आत आला, की तो गेलाच असं यंत्र धरून चालतं.

"खऱ्या खेळात पन हाय हे," वसीम म्हणाला. "समोरचा म्हनतो, दिला. मग मारायला लागत न्हाय."

हे ऐकून गोठ्यात समाधान पसरलं. फक्त तीन फूट हे माप कुणाला पटेना. "पावण्याला रस्सा वाढताना आपन माप घेतो का?" केरबाने विचारलं, आणि तीन फुटांचे दहा झाले. पुढच्या आठवड्यात पंधरा. शेवटी तीस. चेंडू नजरेच्या टप्प्यात आला, की सगळा गोठा "दिला!" म्हणून ओरडायचा. अमरसिंहांचे फटके एकशे चाळीसवरून अठ्ठ्याहत्तरवर आले. घरच्या घरी सराव केल्याने खेळ सुधारतो, हे अशा रीतीने यंत्राच्याच आकड्यांनी सिद्ध झालं.

"आबा, तिथं दिला कोन म्हननार हाय?" संयोगिताने एकदा विचारलं.

"अगं, असतील की मानसं!" अमरसिंह म्हणाले.

आम्हाला पोरीचं मनापासून वाईट वाटलं. आम्ही तिची समजूतही घातली असती, पण तेवढ्यात कोपराविषयी बोलायचा आमचा नंबर आला.

ठरलेल्या रविवारी अमरसिंह, संयोगिता, केरबा आणि आम्ही असे चौघे कर्नलसाहेब आता राहतात त्या शहरातल्या मैदानावर हजर झालो. कर्नलसाहेब पांढऱ्या टोपीत, ताठ. शेजारी राजवीर, टोपीशिवाय, पण तोही ताठ. "खेळाडू मारत असताना कुणी बोलायचं नाही," कर्नलसाहेबांनी सांगितलं. "हा सभ्य माणसांचा खेळ आहे."

अमरसिंह चेंडूपाशी उभे राहिले. कुणी बोललं नाही. वारा बंद, पाखरंसुद्धा गप्प. आयुष्यात एवढी शांतता त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. त्यांनी काठी फिरवली. गवत उडालं, चेंडू जागेवर. पुन्हा फिरवली, आणखी गवत. केरबाने स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं होतं.

"आबा, कोपर!" संयोगिता न राहवून ओरडली.

चेंडू दोनशे यार्ड गेला. कर्नलसाहेबांनी एक भुवई वर केली.

पुढे रडतखडत चेंडू होलच्या जवळ आला, म्हणजे पंचवीसेक फुटांवर. अमरसिंह शांतपणे गेले, चेंडू उचलला, खिशात टाकला आणि चालू लागले.

"हे काय केलंत?" कर्नलसाहेब.

"दिला न्हवं का?"

"कुणी दिला?"

अमरसिंहांनी वळून पाहिलं. खुर्च्या नव्हत्या, गोठा नव्हता. राजवीर बुटांकडे बघत होता. संयोगिताने ओठ घट्ट मिटले होते. अमरसिंहांचा चेहरा उतरला. त्यांनी चेंडू खिशातून काढला, धोतरासारख्या ढगळ पँटला पुसला आणि होता तिथे नेऊन ठेवला.

"चुकलं, सायेब. आमच्यात समदी मानसं देत्यात, त्याची सवं लागली. खरं सांगायचं तर मला ह्यो खेळ येत न्हाय. पोरीसाठनं व्हय म्हनलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगी मातुर चांगली हाय. तिच्यात काय खोटं न्हाय."

कर्नलसाहेब स्वतःच्या चेंडूकडे गेले. तो होलपासून चार फुटांवर होता. ते वाकले, उठले आणि पुन्हा वाकले. चार फुटांवरून त्यांचा चेंडू तीस वर्षांत क्वचितच होलात गेला होता (ही माहिती आम्हाला राजवीरने नंतर दिली). ते मारणार, एवढ्यात अमरसिंह पुढे झाले, त्यांनी तो चेंडू उचलला आणि साहेबांच्या हातात ठेवला.

"दिला, पावणं. येवढ्यासाठनं वाकताय कशाला?"

कर्नलसाहेब हातातल्या चेंडूकडे बघत राहिले. त्यांना आजवर कुणी "दिला" म्हटलं नव्हतं. पलटणीत हाताखालच्यांची द्यायची टाप नव्हती, आणि वरच्यांना द्यायची इच्छा नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग तीस वर्षांची शिस्त बाजूला सारून आतून गारगोटी बोलली.

"व्हय?"

"व्हय तर!"

"मग तुमचाबी दिला."

उरलेले सतरा होल अत्यंत खेळीमेळीत पार पडले. अंतर वाढत वाढत शेवटी दोघंही हिरवळ दिसली की हात मिळवत होते. कर्नलसाहेबांचे फटके आयुष्यात प्रथमच नव्वदच्या आत आले. "माणूस कळला," ते म्हणाले आणि तिथेच लग्नाची तारीख ठरली. संयोगिता हसत होती आणि रडतही होती. आता व्याही दर रविवारी गोठ्यात सरावाला येतात.

यावर काही वाचक म्हणतील, की ही शुद्ध फसवणूक आहे. खेळ म्हणजे खेळ, नियम म्हणजे नियम. आम्ही या वाचकांचा आदर करतो. तेच वाचक खुर्चीत बसून पावलं मोजणारं घड्याळ बांधलेला हात हलवत आजची दहा हजार पावलं पुरी करतात, सात सूर्यनमस्कारांना बारा म्हणतात आणि साखर सोडल्यावर जिलबी धरत नाहीत. ही कथा वाचतानाही मधला एखादा परिच्छेद तुम्ही नुसती नजर फिरवून ओलांडला, हे आम्हाला ठाऊक आहे. उद्या कुणी विचारलं तर "पूर्ण वाचली" असंच सांगाल. खुशाल सांगा. आम्ही तरी ती कुठे पूर्ण तपासली आहे?