वरून दिसलेला गडगा

चुलतभाऊ बाबलीनं गडगा सरकवला, या रागानं तोंडवलीच्या रविकांतला जेवण गोड लागत नव्हतं. गडगा म्हणजे दोन परसांमधला चिऱ्यांचा बांध, आणि त्याला लागून एक माड. बांध हातभर अलीकडे आला की आजोबानं लावलेला माड चुलतभावाच्या घशात! माणसानं चिडायचं नाही, तर काय आरती ओवाळायची?

मुलगा निकेत हैदराबादला, उपग्रहाच्या रडारनं टिपलेली चित्रं तपासायच्या नोकरीत. रविकांत फोनवर कडाडला, "ढगातसून दिसता, काळोखात दिसता, आणि बापाशीचो गडगो तेवडो दिसणा नाय? फोटो काढून धाड!"

पाकीट आलं. आत भलंमोठं काळंपांढरं चित्र.

"अवो, निकेतचो फोन इल्लो," पार्वती चुलीकडून म्हणाली. "तो फोटो मरे…"

"तू गप रव गो!" म्हणत नवरा गडग्यावर पोचलासुद्धा. "बाबल्या, बघ! हो काळो भाग समुद्र. ही पांढरी रेघ गडगो. आणि हो चकाकता तो माजो माड!"

बाबलीनं चित्र हिसकावलं. "मेल्या, उलटो धरलंस. असो धर. आता माड कोणाकडे?"

चित्र चारी बाजूंनी फिरलं, तसा माडही कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जाऊ लागला. "शिरा पडो तुज्या तोंडार!" इथवर मजल गेली. वाडी जमली आणि प्रकरण देवळात गेलं. पार्वती मागून धावत होती. "अवो, माका बोलाक तरी देशात?" पण ऐकतो कोण!

गणपत गुरवानं फोटो देवापुढे ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही जमीन ज्येची आसात त्येच्या पदरात घाल. जो लबाड आसात त्येका थंय पाय ठेवूक देव नको!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

पार्वतीनं कपाळावर हात मारला. "थंय कोणच पाय ठेवणा नाय! हो फोटो चेर्नोबिलचो. थंय अणुभट्टी फुटली, माणसांका उठवून न्हेल्यानी, गाव अजून रिकामो आसा. आमचो गडगो वरसून दिसणा नाय, म्हणान निकेतान आपल्या कामाचो नमुनो धाडल्यान. कधीपासून सांगतंय!"

"आणि घरां?" बाबलीनं हळूच विचारलं.

"तशीच उभी."

रविकांतचं डोकं पुन्हा फिरलं. "म्हणजे काय? एवडी जमीन, आणि भांडूक एक माणूस नाय? लोकांका त्येंच्या दारातसून उठवल्यानी आणि वरसून फोटो काढतत? गणपत, गाऱ्हाणा बदल!"

गणपतनं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, त्या गावची माणसां आपापल्या घराक परत येवंदेत. गडग्यावर उभी रवान पोटभर भांडांदेत!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज रविकांत आणि बाबलीचा होता.

दोघं घरी निघाले. गडग्यापाशी येताच बाबलीनं घसा खाकरला. "नारळ अर्धे-अर्धे करूया?"

"अर्धे? मेल्या, गडगो तू सरकवलंस!"

"मी? खंय सरकवलंय, दाखव!"

परसातून दोघांचे आवाज चढत गेले. पार्वतीनं ते ऐकलं आणि निवांतपणे भात वाढायला घेतला.